विहीर चोवीस तास बंद

चुलत बहिणीच्या, मुग्धाच्या साखरपुड्यासाठी सौदामिनी दोन दिवसांची रजा टाकून मुखेडला आली होती. गुजरातेत जमिनीतून खनिज तेल काढणाऱ्या एका कंपनीत ती केमिस्ट होती. सकाळी नऊला, मांडवात पाहुण्यांचा चहा चालू असतानाच तिच्या साहेबांचा फोन आला.

"सात नंबरची विहीर उघडतोय. अकराला मुंबईहून मोठे साहेब येतायत, त्यांना तेल चालू दिसलं पाहिजे. तुमची मंजुरी मेल करा."

"सर, औषध काल संध्याकाळी पाचला आत सोडलंय. चोवीस तास दगडात मुरू द्यायचं ठरलंय."

"सोळा तास झालेत. पुष्कळ झाले."

"नाही झाले."

साहेबांचा आवाज थंड झाला. "मंजुरी द्या, नाहीतर सोमवारी दुसरं काम बघा."

शेजारी उभ्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, सगळं ऐकलं होतं. "गुमान हाव म्हण की. साहेब हाय त्यो."

"आप्पा, आपल्या बोअरच्या पाइपात पांढरे क्षार बसतात ना, तसे तिथं दोन किलोमीटर खोल बसतात. हे औषध दगडाला धरून राहतं अन् महिनोन्महिने थोडं थोडं सुटून क्षार बसू देत न्हाई. आत्ताच उघडलं तर निम्मं तेलाबरोबर वाहून जाईल. मागच्या वर्षी असंच उघडलं, दीड महिन्यात विहीर तुंबली. अन् ठपका माझ्यावर."

"मग नोकरी?"

"गेली तर गेली."

मांडवाच्या कडेला जाऊन तिनं मेल लिहिली. आज संध्याकाळी पाचच्या आधी विहीर उघडायला माझी मंजुरी नाही. ती साहेबांसोबत मुंबईच्या ऑफिसलाही पाठवली. मग ती मुग्धाची ओटी भरायला गेली.

लेखी मंजुरी नसल्यानं विहीर पाचलाच उघडली. सोमवारी सौदामिनीची रवानगी गोदामात झाली. तिनं राजीनामा दिला नाही. दर महिन्याला सात नंबरमधून तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचा नमुना ती लेखी मागायची आणि स्वतः तपासायची. आठव्या महिन्यातही त्यात औषध पुरेसं निघालं. तो अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवून तिनं घरी फोन लावला.

"मग आता परत जुन्या कामावर घेतलं का तुला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"न्हाई. पण विहीर अजून वाहतीच हाय. आता दहा नंबरमध्ये औषध सोडणार हायत. 'चोवीस तास बंद' असं लिहिल्याशिवाय मंजुरीच्या कागदावर कुणी सही करू नये, असं कळवलंय मी."

"तुला विचारलं व्हतं का त्यांनी?"

"न्हाई विचारलं."