हाडमाळाची मोजणी

तिसगावच्या वरच्या अंगाला खांडवाडीचा माळ आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या आणि त्यांच्यामुळे पाखरांचं काय होईल, हे मी सांगायचं होतं. मी श्रीरामपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बाई तिरसट आहे पण मोजणी चोख, असं माझे विद्यार्थीच म्हणतात. थंडीत मी सगळा माळ पायाखाली घातला. चंडोल दिसले, तितर दिसले, होले दिसले. गिधाड, गरुड मात्र औषधालाही नाही. अहवाल लिहून झाला, सही तेवढी राहिली.

निघण्याआधी सरपंच झुंबरबाईंनी चहाला बोलावलं.

"म्याडम, माळ कसा वाटला? साफ हुता का न्हाई?"

"अगदी साफ."

"मंग! तुमी येनार कळल्यावर आमी हाडमाळच बंद केला. गावची मेलेली ढोरं टाकायची जागा हो, वरच्या टोकाला. लई घान वास. म्हनलं, बाईमानूस नाकाला पदर लावून फिरंल काय? दिवाळीपासनं जेसीबीनं खड्डा घेऊन पुरतोय. गिधाडं, गरुडं समदी पांगली बघा."

मी कप खाली ठेवला. पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसा या बाईंनी अख्खा डोंगर झाडून काढला होता. वरच्या टोकावरच तीन चक्क्या ठरल्या होत्या. मी गेल्यावर गाव पुन्हा तिथे ढोरं टाकणार, पाखरं पुन्हा येणार आणि खाली बघत घिरट्या घालताना थेट पात्यांत सापडणार. मला हसावं की ओरडावं कळेना.

"मी सही करणार नाही. हाडमाळ पुन्हा सुरू करा, मी पुन्हा मोजते."

झुंबरबाईंचा चेहरा पडला. "आन् चक्क्या गेल्या म्हंजी? क्रेनसाठी माज्या वस्तीवरनं रस्ता हुनार हाय. मागल्या पावसाळ्यात माजी सून अडली, चिखलात ट्रॅक्टरबी चालंना. बाजंवर घालून खाली न्यावी लागली. लेकरू वाटंतच गेलं, म्याडम."

रस्ता हवाच होता. पण झाडून काढलेला माळ खरा म्हणून मी लिहिणार नव्हते, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

कंपनीचे इंजिनिअर अर्णव फोनवर म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी काम थांबवायचं?"

"थांबवा, नाहीतर माझ्या सहीशिवाय करा."

त्यांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनवरही ऐकू आला. पण सहीशिवाय बँक कर्ज देणार नव्हती, म्हणून थांबले.

दर रविवारी मी एसटीने तिसगाव गाठायची आणि माळ चढायची. हाडमाळ मोकळाच. हातचा रस्ता कोण घालवणार? ढोर मेलं की गाव गुपचूप पुरत होतं. मीही हट्टाला पेटले होते, येतच राहिले.

एका रविवारी वर ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत झुंबरबाईंचा मेलेला म्हातारा बैल होता, आणि ड्रायव्हरशेजारी पदर खोचून त्या स्वतः.

"पाव्हन्याला खोटं घर दावलं, ते डोस्क्यातनं जाईना," त्या म्हणाल्या. "आता हाय तसं बघा."

मी कॉलेजात रजा कळवली आणि त्यांच्याकडेच राहिले. रोज आम्ही दोघी बांधाआड बसायचो. आधी कावळे आले. मग पांढरी गिधाडं, आणि त्यांच्यामागून मोठाले तपकिरी गरुड. चक्क्यांची पाती जिथे फिरणार होती, नेमक्या त्याच उंचीवर ते गोल फिरत होते. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. झुंबरबाई मात्र एकेक पाखरू बोटावर मोजत वस्तीकडे बघत होत्या.

"टोकावर चक्क्या नकोत, असं लिहावं लागेल," मी म्हणाले.

"लिवा. खरं हाय ते." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या वहीवर हात ठेवला. "गिधाडं लिवली ना? आता माजी वस्ती लिवा. आमीबी ह्याच माळावर हावोत. आमाला न इचारता तुमी कोनता माळ मोजला?"

मी अहवाल उघडला. 'मनुष्यवस्ती' या मथळ्याखाली मी एकच शब्द लिहिला होता. विरळ. तोसुद्धा नकाशावरून. उंबऱ्यात बसून चहा प्यायले, पण एका घराची चौकशी केली नव्हती. गिधाडांसाठी भांडणाऱ्या मला स्वतःची लाज वाटली.

चक्क्या टोकावरून सरकल्या तरी क्रेनला वर यावंच लागणार होतं. ती कोणत्या वाटेने यावी, हे अजून ठरायचं होतं, आणि माझी सही अजून माझ्याच हातात होती. मी 'विरळ' खोडला आणि उठले.

"चला, वस्तीवर जाऊ," मी म्हणाले. "सूनबाईंपासून सुरुवात करते. ती बाज कुठल्या वाटेने नेली, तेही दाखवा."