खालून सुरू केलेला ट्रॅक्टर

आप्पा ट्रॅक्टर किल्लीने सुरू करत नसत. ते उजव्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत उभे राहत आणि स्टार्टरवरचे दोन बोल्ट लांब स्क्रूड्रायव्हरने जोडत. ठिणगी उडे, स्टार्टर कण्हे. तीन-चारदा कण्हून झालं की इंजिन नाइलाज झाल्यासारखं धडधडू लागे. मग आप्पा कंबर सरळ करून, एखादा मल्ल चीत केल्याच्या थाटात इकडेतिकडे बघत.

या सगळ्या वेळात त्यांच्या छातीएवढं मागचं चाक त्यांच्यापासून हातभर अंतरावर असे. गिअर चुकून पडलेला असला तर ते चाक इंजिनासोबतच चालू लागणार, हे त्यांच्या धाकट्या मुलीला दिसत होतं. आप्पांना दिसत नव्हतं, किंवा दिसूनही ते कानाडोळा करत होते.

"वीस वर्षं असाच चालू करतोय," ते म्हणाले. "अजून आहे ना मी?"

"वीस वर्षं झाली म्हणून एकविसाव्या वर्षी चाक थांबेल का?"

"आली मास्तरीण! हिची शाळा सुरू."

धाकटी मास्तरीण नव्हती. शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती उपकरणं तपासायची, कुठला काटा किती खोटं बोलतो ते शोधायची. चार दिवसांची रजा काढून ती एवढ्याच एका कामासाठी आली होती. ट्रॅक्टर चाळीस वर्षांचा, घरच्या वापरापुरता. खालच्या विहिरीवरून पाण्याची टाकी वर आणायची, सरपण ओढायचं, वाटेवरचं गवत कापायचं. तो विकणं शक्य नव्हतं, कारण पाणी दुसऱ्या कशाने वर येत नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता: किल्लीने ट्रॅक्टर दहापैकी दहा वेळा सुरू झाला, की स्क्रूड्रायव्हरला काही कारणच उरणार नाही.

पहिल्या दिवशी तिने मल्टिमीटर काढला. बॅटरी धडधाकट होती. मग ती वीज वाटेत कुठे गळते हे पाहायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी वर बसून किल्ली फिरवायला हवी होती.

"आप्पा, बसता वर?"

"मला काय काम नाही? तुझी आई बसेल. हलकी आहे ती."

आई साडीचा पदर खोचून टुणकन वर चढली. "आता काय करू? विमान उडवू?"

"उडवू नकोस. गिअर न्यूट्रलला आहे ना बघ, आणि मी सांगितलं की किल्ली फिरव."

टक. नुसता आवाज. पुन्हा टक. धाकटीने मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या ऋण टोकाला आणि इंजिनाच्या अंगाला टेकवल्या. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको होतं, आणि दिसत होते पावणेतीन व्होल्ट. बॅटरीची जवळजवळ पाव ताकद बॅटरीला इंजिनाशी जोडणाऱ्या एका गंजक्या पट्टीत मुरत होती. ती पट्टी सोडवली तर खाली गंज, त्याखाली रंग आणि रंगाखाली पुन्हा गंज. तिने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईस्तोवर घासलं, नवी जाड पट्टी लावली. किल्लीकडून येणाऱ्या वायरीत चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड सापडला. आत तांबं हिरवं पडलं होतं. दुसरा दिवस त्यात गेला. तिसऱ्या दिवशी डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्यांमधली हवा काढली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पुन्हा वर बसली, किल्ली फिरवली, आणि ट्रॅक्टर इतक्या पटकन सुरू झाला की आईच दचकली. दहा वेळा बंद केला, दहा वेळा सुरू झाला. आप्पा ओट्यावरून बघत होते. "बरा आहे," एवढंच म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी ते दोनदा म्हटलं.

त्याआधी, अंधार पडायच्या आत धाकटीनेच ट्रॅक्टर शेडमध्ये नेऊन लावला होता. शेडची जमीन मागे उतरती होती आणि हातब्रेक नावापुरता. पुस्तकात लिहिलं होतं तसं तिने इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला. म्हणजे तो मागे घरंगळणार नाही. आप्पा तसं करत नसत. ते न्यूट्रलला ठेवून मागच्या चाकाखाली दगड लावत. तो दगड तिने बाजूला सारला, कारण आता त्याची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. दुपारी तिची गाडी होती.

"आप्पा कुठे गेले?"

"पाणी आणायला," आई म्हणाली. "टाकी जोडून ठेवू म्हणाले, ट्रॅक्टर तापेस्तोवर."

तापेस्तोवर. म्हणजे ते वर बसून निघणार नव्हते. आधी खालून सुरू करणार होते. धाकटीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. वीस वर्षं ते गिअर बघत नव्हते, कारण वीस वर्षं तो न्यूट्रललाच असायचा. त्यांनीच ठेवलेला. काल मात्र तो तिने ठेवला होता.

त्याबरोबर तिला पुढचंही कळलं. स्टार्टर पूर्वीसारखा कण्हत असता तर ट्रॅक्टरने आधी नुसते हिसके दिले असते, आप्पांना कळलं असतं, हात मागे घेतला असता. आता तो एका स्पर्शात सुरू होणार होता. ही दुरुस्ती तिचीच.

"आप्पा! थांबा! गिअरमध्ये आहे!"

ती अनवाणीच धावली. अंगण, तुळया रचलेला कोपरा, शेडचं दार. आप्पा वाकलेले होते. ठिणगी दिसली, इंजिन गरजलं, आणि ट्रॅक्टर पुढे निघाला, सावकाश, एखादं आज्ञाधारक जनावर निघावं तसा.

आप्पा मागे सरले. उजवा गुडघा वाकला तो पुन्हा सरळ झालाच नाही. ते मटकन खाली बसले. मागचं चाक फिरत त्यांच्या पायाकडे येत होतं.

धाकटी डावीकडून चढली. कशी ते तिला नंतर आठवलं नाही, फक्त नडगी लोखंडावर आपटल्याचं आठवलं. इंजिन बंद करायचा दांडा तिने दोन्ही हातांनी ओढला. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि गप्प झालं.

तिला खाली बघायचा धीर होत नव्हता.

"चप्पल गेली," खालून आवाज आला. "पाय आहे."

चाक चपलेवर उभं होतं. आप्पांचं अनवाणी पाऊल त्याच्यापासून चार बोटं लांब होतं. आई दारात आली होती, तोंडावर पदर धरून.

धाकटी उतरून त्यांच्याजवळ मातीतच बसली. "मी गिअरमध्ये ठेवला होता," ती म्हणाली. "सांगितलं नाही तुम्हाला."

"मी बघितलं नाही."

"पण किल्लीने होतो ना आता सुरू! दहापैकी दहा वेळा. मग का, आप्पा? कशासाठी?"

आप्पा चपलेकडे बघत म्हणाले, "किल्ली वर आहे."

"मग?"

"मग काय मग! चढता येत नाही मला." आवाज चढला आणि लगेच उतरला. "पायरी मांडीएवढी. गुडघा उचलत नाही. खालून सुरू केला की पाच मिनिटं तापतो, तेवढ्यात कुणी नाही ना बघतो, आणि मग... कोपरांवर. पोटावर. वासरू खाटेवर चढतं तसा."

"मला दोन वर्षं म्हणाले गुडघा ठणठणीत आहे," आई दारातून म्हणाली. "तेल लावू का विचारलं तर अंगावर आले."

तीन दिवस धाकटीने प्रत्येक वायर मोजली होती. पायरी मोजली नव्हती. ती उठली, घरातून टेप आणली, जमिनीपासून पायरीपर्यंत धरली. एकवीस इंच.

दुपारची गाडी तिने जाऊ दिली. शेडच्या कोपऱ्यात जुन्या गेटचा जाड पत्रा होता. तो वाकवून, चार भोकं पाडून तिने मूळ पायरीच्या खाली नऊ इंचांवर दुसरी पायरी बोल्टने कसली. मडगार्डवर हाताला धरायला नळीचा तुकडा लावला. आप्पा बादलीवर बसून पाने पुढे करत होते. न मागता योग्य मापाचा पाना हातात येत होता.

मग तेच म्हणाले, "त्या दोन बोल्टांवर झाकण बसव. रबराचं. चांगलं घट्ट."

"नक्की?"

"माझा हात आपोआप जातो तिकडे. त्याचं काय सांगावं."

झाकण बसलं. आईने शेडचं दार सताड उघडलं आणि चाकापासून लांब, भिंतीशी जाऊन उभी राहिली. आप्पा नव्या पायरीसमोर उभे राहिले. पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"तू तिकडे तोंड कर," ते म्हणाले.

"पडलात तर?"

"पडलो तर ऐकू येईल. कर तिकडे."

धाकटीने पाठ केली. समोर आई होती. तिने तर डोळेच मिटले होते. मागे लोखंडावर चप्पल घासली. नळीवर हाताची पकड बसल्याचा आवाज. एक लांब श्वास. मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही, की वळून बघू नये म्हणून धाकटी मनात आकडे मोजू लागली. सात, आठ. दुसऱ्या पायरीचा ठोका. शिवी, अस्फुट. अकरा, बारा. आणि मग सीटची स्प्रिंग करकरली, पूर्ण वजनाखाली.

"गिअर न्यूट्रलला आहे," आप्पा वरून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, आणि किल्ली फिरवली.