गरम चाकाची हवा

मी एक जुना, पितळी, हवा मोजायचा काटा आहे. माझी सुई आज शून्यावर आहे, काच तडकलेली आहे, आणि काचेच्या कडेला कुंकवाचा एक वाळका कण अजून चिकटलेला आहे. मित्रांनो, आता चाकाला नळी लावली की आकडे आपोआप उजळणारी यंत्रं निघाली आहेत. माझ्यासारख्याला कोण विचारतो? तरी मला बोलायचं आहे. व्यंकट नावाचा एक ड्रायव्हर दारू पिऊन गाडी चालवताना मेला, असं त्याच्या गावात सगळे म्हणत. ते खरं नाही. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, माझा मालक मन्मथ याला आणि मला. मन्मथ बोलला नाही. आणि मला तर चाकाला लावल्याशिवाय बोलताच येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला घडवणाऱ्या माणसाने माझ्या अंगात एक सोय ठेवली होती. माझी सुई ज्या आकड्यावर जाईल तिथेच थांबून राहायची. बाजूचं छोटं बटण दाबलं, तरच ती परत शून्यावर यायची. म्हणजे मी एकदा सांगितलेलं विसरत नसे. माणसांना ही सवय आवडते, जोवर आकडा त्यांच्या सोयीचा असतो तोवर.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात मी लातुरात आलो. नांदेड रस्त्याच्या नाक्यावर संगप्पाचं हवा-पंक्चरचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की ट्रकवाले मोठमोठे गडी त्याच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे. त्या वर्षी धान्याचे ट्रक रात्रंदिवस धावत होते. डांबर वितळायचं, चाकं तापून लाल व्हायची बाकी राहायची. ड्रायव्हर गाडीतून उडी मारून ओरडायचा, "काका, जल्दी हवा बघा, लई चढलीय वाटतं! थोडी सोडून द्या."

संगप्पा आधी तळहाताची मागची बाजू चाकाला लावायचा आणि लगेच काढून घ्यायचा.

"हात पोळला की काटा लावायचा न्हाई," तो म्हणायचा. "गरम चाक फुशारकी मारतंय. लिंबाखाली लाव गाडी, च्या पिऊन ये, मग बघू."

"टाइम न्हाई हो काका!"

"मग जा. म्होरं कुठंतरी फुटंल, तिथं लई टाइम भेटंल तुला."

त्याच्या या खवचटपणामागे साधी गोष्ट होती. चाक पळून तापलं की आतली हवा फुगते आणि मी चार-पाच पौंड जास्त दाखवतो. ड्रायव्हरला वाटतं, हवा फार झाली. तो सोडून देतो. मग चाक थंड होतं, हवा बसते, आणि पाहिजे त्यापेक्षा कमी उरते. असलं कमी हवेचं चाक ओझ्याखाली दबतं, दर फेऱ्याला मुडपतं, मुडपून मुडपून आणखी तापतं, आणि शेवटी फाटतं. संगप्पाला हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. त्याने फाटलेली चाकं पाहिली होती, एवढंच.

संगप्पा गेला आणि दुकान मन्मथकडे आलं. मन्मथ बापापेक्षा हुशार होता, हे मी कबूल करतो. हाताला वेग होता, डोळ्याला नेम होता. बापासारखा तोंडाळ मात्र नव्हता. कुणाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. व्यंकट हा त्याचा जिवलग. बालाघाटाच्या उतारावर, अहमदपूरच्या अलीकडे त्याचं गाव. घरी म्हातारी आई केवळाबाई, आणि दारात एक खडखडणारी जीप.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नाक्यावर नव्या पाट्या लागल्या, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि आमच्या दुकानापुढे साहेबलोकांच्या जीपगाड्यांची रांग लागू लागली. दिवसाला शंभर चाकं माझ्या तोंडाला लागायची. कुणी म्हणालं, "मन्मथअप्पाचा काटा म्हंजे कोर्टाचा निकाल!" मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला सांगू? पण जिल्हा नवा झाला तरी पाऊस काही सुधारला नाही. पुढच्या उन्हाळ्यात व्यंकटच्या गावची विहीर तळाला गेली. तो जीपमध्ये चार पिंपं टाकून पाणी आणायचा. चार पिंपांनी काय होणार? बायका एकमेकींच्या घागरी ढकलायच्या, आणि व्यंकट मान खाली घालून गाडी वळवायचा.

अशात बातमी आली. महाराष्ट्र दिनाला, आटलेल्या एका तलावाच्या पोटात, जीपगाड्यांची शर्यत. नव्या जिल्ह्याची पहिलीच. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने बक्षीस ठेवलं होतं: दोन चाकांवरची, गाडीमागे जोडायची, हजार लिटरची लोखंडी टाकी.

व्यंकट दुकानात आला आणि पाटावर बसून राहिला. "अप्पा, ती टाकी भेटली तर गाव जगतंय. एका फेरीत हजार लिटर. मला तेवढी जितवून दे."

"जितवतो," मन्मथ म्हणाला.

त्या दिवशी मन्मथने जे केलं ते मी कधी विसरणार नाही, आणि त्याचं कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तलावाची भेगाळलेली माती, त्यावर चुन्याने आखलेलं लांबट रिंगण, वळणं सगळी डावीकडे. रस्त्यावर ओझ्यासकट त्या जीपला बत्तीस पौंड हवा लागायची. मन्मथने सकाळी चारही चाकं बावीसवर आणली, म्हणजे मातीला धरून राहतील. पहिल्या तीन फेऱ्यांच्या चाचणीत गाडी वळणावर घसरत बाहेर गेली. व्यंकट परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मन्मथने हाताची मागची बाजू चाकाला लावली. पोळली. तरी त्याने मला लावलं. उजवीकडची सत्तावीस, डावीकडची पंचवीस.

"डावी वळणं. सगळं ओझं उजव्या अंगावर पडायलंय," तो म्हणाला. "उजवी जास्त तापली, टणक झाली. म्हणून पकडत न्हाईत." आणि त्याने बापाचा नियम मोडला. गरम चाकांतली हवा सोडून सगळी परत बावीसवर आणली. व्यंकटला सांगितलं, "पहिली फेरी सावकाश. चाकाला ऊब येऊ दे. मग सोड."

मित्रांनो, तो चुकला नव्हता. संगप्पाचा नियम रस्त्याचा होता, हा रिंगणाचा. रिंगणात चाकं गरमच असतात, म्हणून गरम हवेचा हिशोब धरावा लागतो. दहा फेऱ्यांत ती जीप मातीला अशी चिकटून वळली की काठावरची माणसं वेड्यासारखी नाचायला लागली. व्यंकट पहिला आला. टाकी त्याच्या गावाला मिळाली.

फक्त एक काम उरलं होतं. रिंगणासाठी सोडलेली हवा, रस्त्याला लागण्याआधी परत भरायची. जीपमध्ये पायपंप होता.

पण आधी भाषणं झाली. दोन तास. हार झाले, गुलाल झाला, व्यंकटला लिंबाचं सरबत मिळालं. तो दिवसभरात त्याशिवाय काही प्यायला नाही, हे मी शपथेवर सांगतो. तोवर चाकं थंड होऊन बसली होती. मन्मथने मला खिशातून काढलं, तेवढ्यात केवळाबाई पुढे आली. ती गावच्या बायकांबरोबर ट्रकमधून आली होती. तिने टाकीला आणि जीपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"अन् ह्यो काटा? ह्यानंच तर जितवलं माझ्या लेकराला!" असं म्हणून तिने माझ्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी कुंकू लावलं नव्हतं. मला रडू यायचं बाकी राहिलं.

मन्मथ चाकाजवळ वाकला.

"आता न्हाई लेकरा," केवळाबाई म्हणाली. "पूजा झाल्याली गाडी हाय. एक फेरी होईस्तोवर हत्यार लावत न्हाईत. खंडेनवमीला तुझा बाप लावायचा का काट्याला हात?"

खंडेनवमीला संगप्पा मला पाटावर मांडून दिवसभर शिवत नसे, हे खरं होतं. मन्मथ घुटमळला.

व्यंकटने उजव्या चाकाला टाच मारून पाहिली. "अप्पा, चाकं बसल्यागत वाटायलीत. पंप मारू का?"

मन्मथने एकदा केवळाबाईकडे पाहिलं. सकाळपासून तो माझी सुई वरच चढताना बघत होता. "राहू दे," तो म्हणाला. "चालली की गरम होतील. हवा आपोआप चढंल."

त्याने मला खिशात ठेवलं. ज्या दिवशी माझी पूजा झाली, त्याच दिवशी मला विचारायचं राहून गेलं.

केवळाबाई ट्रकमधून पुढे गेली, घागरी रांगेत लावून ठेवायला. वाटेतल्या एका विहिरीवर व्यंकटने टाकी काठोकाठ भरली. गावातली चार माणसं जीपमध्ये बसायला आली तर त्याने बसू दिलं नाही. "नगं. पानी बसलंय तेवढं बास हाय," तो म्हणाला. म्हणून बाकीचे वाचले.

उतारावर मागचं उजवं चाक फाटलं. टाकीने जीपला ढकललं आणि दोन्ही कलंडल्या. मी तिथे नव्हतो, मन्मथच्या खिशात लातुरात होतो. संध्याकाळी एका एसटीवाल्याने दुकानात येऊन सांगितलं. मन्मथ दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेला, उजाडताना पोहोचला. व्यंकटला तोवर नेलं होतं. टाकी फाटून पडली होती, हजार लिटर पाणी मुरमाने केव्हाच पिऊन टाकलं होतं, आणि साधी ओलसुद्धा उरली नव्हती. पुढचं उजवं चाक मात्र शाबूत होतं. मन्मथने हाताची मागची बाजू त्याला लावली. गार. मग त्याने मला लावलं.

सतरा.

जिथे बत्तीस पाहिजे होते, तिथे सतरा. मन्मथने तो आकडा दोनदा वाचला. त्याने बटण दाबलं नाही. मला रुमालात गुंडाळलं तसंच, सतरावर.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "हवाबिवा ठीक होती ना?"

"शर्यत जितला होता की साहेब," मन्मथ म्हणाला. "ठीकच असणार."

मग कागदावर चालकाचा हलगर्जीपणा लागला. जिंकल्याच्या नादात प्यायला असेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि महिन्याभरात ते 'असेल' गळून पडलं. दारुड्याने गावाचं पाणी सांडलं, असं लोक बोलू लागले. ज्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, त्याही बोलू लागल्या.

दोन वर्षांनी केवळाबाई दुकानात आली. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिने घेतला नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "मन्मथा, तू होतास दिवसभर त्याच्यासंगं. खरं सांग. माझं लेकरू पिलं होतं का?"

मी गल्ल्याखालच्या डब्यात होतो. सतरा माझ्या तोंडावर होते. मन्मथने नुसता डबा उघडून मला तिच्या हातात दिलं असतं, दोन शब्दांत समजावून सांगितलं असतं, तर ती बाई ताठ मानेने गावात गेली असती. मी वाट बघत होतो. आयुष्यात इतकी वाट मी कधीच बघितली नाही.

"मला काय ठाऊक, मावशी," मन्मथ म्हणाला. "मी टाकी जोडल्यावर निघून आलो."

ती "बरं" म्हणाली आणि पदर सावरून गाडीतळाकडे गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मन्मथने डबा उघडला. रुमाल सोडला. मी त्याच्या हातून निसटून फरशीवर पडलो आणि काचेला तडा गेला. त्याने मला उचललं, आकड्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

त्यानंतरही मन्मथने मला कुठल्याच चाकाला लावलं नाही. अंगठ्याने चाक दाबून तो अंदाजाने हवा भरायचा. कुणी लगबगीने तापलेली गाडी घेऊन आला, तर त्याला लिंबाखाली थांबवायचा, अगदी बापासारखा. पण का थांबायचं ते सांगायचा नाही. आता तोही नाही, दुकानही नाही. मी एका पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीच्या किल्लीचं कुणाला काही ठाऊक नाही.

मित्रांनो, गाडी तापलेली असेल तर थांबा. काही कारणाने सोडलेली हवा रस्त्याला लागण्याआधी परत भरा, मग पूजा झालेली असो की भाषणं. देवाला त्याचा राग येत नाही. आणि तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर पडत असेल, तर एवढंच करा, की विचारणारं माणूस दारात उभं आहे तोवर बोला. केवळाबाईला आता कुणी सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे, ऐकून ठेवा. व्यंकट प्यायला नव्हता. सतरा पौंड होते, आणि चाक गार होतं.