चौदा गाठी

"फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय तेवढी वीज इथे खरंच बनते का?"

मार्लेने विचारून टाकलं, तेही सगळ्यांसमोर. आदल्या दिवशी नदीवर पोहताना ब्रिन आणि केली या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं: एवढी धीट झालीयस ना, मग त्या स्टिव्हरबाईंना हे विचारून दाखव. आता कंट्रोल रूममधल्या चार माना एकदम वळल्या. त्यातली एक तिच्या बाबांची होती, आणि ती सगळ्यात आधी पुन्हा पडद्याकडे वळली.

केंद्राच्या चाचणी इंजिनियर मिस लोरेटा स्टिव्हर मीटरच्या झाकणावर सीलची पट्टी चिकटवत होत्या. त्यांनी अंगठ्याने पट्टीचा शेवटचा कोपरा दाबला आणि मगच मागे पाहिलं.

"पाटी रंगवणारा कधीच निवृत्त झाला," त्या म्हणाल्या. "मला चार वाजता विचार."

पाटीवर चारशे मेगावॅट लिहिलं होतं. ओहायो नदीकाठच्या त्या वीजकेंद्राचा दुसरा संच ऑगस्टच्या उकाड्यात सलग चार तास तेवढी वीज देऊ शकतो का, हे आज मोजायचं होतं. एरवी दर उन्हाळ्यात मोजत, कागद कपाटात जाई आणि विषय संपे. यंदा मालकांनी आधीच कळवलं होतं की चारशेच्या खाली गेलात तर वसंतात संच बंद. मार्लेचे बाबा, ड्वेन डॉब्स, एकोणीस वर्षं त्या संचासमोर बसत होते. घरी कुणी हा विषय काढत नसे. फक्त आईने मागच्या महिन्यात इंडियानातल्या भाड्याच्या घरांची जाहिरात कापून फ्रिजला लावली होती, आणि बाबा फ्रिज उघडताना तिच्याकडे बघत नसत.

मार्ले शाळेच्या उन्हाळी कामाच्या योजनेतून तिथे आली होती. दोन महिने तिने फायली लावल्या. आज पहिल्यांदा तिला खरं काम मिळणार होतं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना मिस स्टिव्हर अचानक थांबल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

"व्हर्नन, कोळशाचा पट्टा का थांबला?"

व्हर्नन फोरमन होता, पोट सुटलेला आणि बोलायला गोड. "कोळशाच्या कोठ्या भरल्यात, लोरेटा. चार तास पट्टा नाही फिरला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"रोज दुपारी फिरतो?"

"रोज फिरतो."

"मग आजही फिरेल."

"अगं, पट्ट्याच्या मोटारी आपलीच वीज खातात. तेवढी वाचली तर आपल्याच आकड्यात—"

"म्हणूनच फिरेल."

व्हर्नन पुटपुटत फोनकडे गेला. मिनिटभरात जमिनीतून ती ओळखीची थरथर पुन्हा वर आली. मार्लेला ती बाई एकदम आवडून गेली. तशी ती आधीही आवडायची, पण ते शिस्तीच्या बाईंसारखं, जरा लांबूनच. आता तिला वाटलं, आपण मोठेपणी कुणासारखं तरी व्हायचं असेल तर हिच्यासारखं व्हावं, आणि शक्यतो असेच तेलाचे डाग पडलेले बूट घालून.

"नदीचं पाणी वाफेला गार करतं," जिना उतरताना मिस स्टिव्हर सांगत होत्या. "पाणी कोमट असलं की मशीन दमतं. तो मशीनचा दोष नाही, म्हणून आपण हिशेबात थोडी भर घालतो. पंच्याऐंशी अंश फॅरनहाइटला चार मेगावॅट, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला एक. पाइपातला तापमापक दुरुस्तीला गेलाय. तेव्हा आज तो आकडा तुझा."

नदीवरच्या कठड्यापाशी त्यांनी तिच्या हातात दोरी दिली. दोरीच्या टोकाला तापमापक, सोबत तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारी डबी. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या.

"चौदा गाठी. पाणी तेवढ्या खोलवरून आत ओढलं जातं. दर पंधरा मिनिटांनी लिहायचं."

"आणि आज कमी भरलं तर?" मार्लेने विचारलं. हा प्रश्न मैत्रिणींचा नव्हता.

"तर कमी लिहिते."

"आणि मग?"

"मग काही दिवस एकटी जेवते." त्यांनी घड्याळ बघितलं. "वर गेले की फोन करते. मग सुरू कर."

मार्लेने कठड्यापासून एकेक गाठ मोजत दोरी सोडली. बारा, तेरा, चौदा. घट्ट बांधली. फोन वाजला.

पुढचे चार तास ती तिथून हलली नाही. पेपरोनी रोल एका हाताने खाल्ला, दुसऱ्या हातात पेन्सिल. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकदा सत्याऐंशी पूर्णांक नऊ, मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी. समोरून कोळशाने भरलेली सपाट बार्ज बोट जात होती, तिच्यावरच्या माणसाने हात केला, तर हिने पेन्सिल हलवली. आपण कामावर आहोत हे त्यालाही कळावं म्हणून.

चार वाजता ती कागद घेऊन वर गेली. मिस स्टिव्हर उभ्यानेच बेरीज करत होत्या. जनित्राने सरासरी चारशे वीस दिले. केंद्राने स्वतः सव्वीस खाल्ले. उरले तीनशे चौऱ्याण्णव. मार्लेच्या नदीचे सात.

"चारशे एक," त्या म्हणाल्या.

व्हर्नन खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बाबांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. मिस स्टिव्हरनी अहवाल मार्लेपुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: नदीचे तापमान नोंदवणाऱ्याचे नाव. तिने पूर्ण नाव लिहिलं, मार्ले जून डॉब्स, शाळेत शिकवतात तसं वळणदार.

"सकाळी सातला पाठवते," मिस स्टिव्हर म्हणाल्या. "चांगलं काम केलंस. दोरी तेवढी गुंडाळून ठेव."

ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली आणि दोरी ओढायला लागली. कोरडी गाठ. कोरडी गाठ. दहा गाठी कोरड्या आल्या. शेवटच्या चारच ओल्या होत्या.

मार्ले कठड्यावरून वाकली. पाणी खाली होतं, चांगलं दहा फूट खाली. चौदा गाठी पाण्यात सोडायच्या होत्या, हवेत नाही.

तिने इकडेतिकडे बघितलं, मग दोरी पुन्हा सोडली. या वेळी पाण्यापासून मोजत. डबीवरचा आकडा हळूहळू उतरत गेला आणि पंच्याऐंशीवर थांबला. ती बराच वेळ बघत राहिली. तो पुन्हा वर चढला नाही.

वर गेली तेव्हा मिस स्टिव्हरांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. बाबा ट्रकमध्ये हॉर्न वाजवत होते, गाण्याच्या तालावर.

घरी आईने राजमा आणि मक्याचा पाव केला होता, टोमॅटो चिरले होते, आणि फ्रिजवरची जाहिरात गायब होती. बाबा आज खूप बोलत होते.

"पोरीने चार तास उन्हात उभं राहून काम केलंय, शेरी. व्हर्नन म्हणाला, हिच्या सात मेगावॅटनी वाचवलं आपल्याला. आता पुढच्या पोर्चचं छप्पर घालूनच टाकतो."

"तीन वर्षं ऐकतेय," आई म्हणाली, पण हसत होती. "मार्ले, जेवत का नाहीयेस?"

मार्लेने चमचा ताटात ठेवला.

"दोरी मी कठड्यापासून मोजली," ती म्हणाली. "पाण्यापासून मोजायची होती. तापमापक वरच्या कोमट पाण्यातच होता. नंतर नीट सोडून बघितलं. पंच्याऐंशी आहे."

बाबांनी पावाचा तुकडा हातातच धरला. गणित त्यांना करावं लागलं नाही, तरी त्यांनी विचारलं.

"म्हणजे किती?"

"तीनशे अठ्ठ्याण्णव."

आईने टोमॅटोची ताटली बाजूला सरकवली. खिडकीतला पंखा फिरत होता.

"एकदा कागद गेला की दोरी कुणी बघत नाही, बाळा," बाबा हळू आवाजात म्हणाले. ते तिला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. "कुणाला समजणारही नाही."

"मला समजलंय."

"पुन्हा चाचणी देतील की नाही, तेही ठाऊक नाही."

"हो."

"मग काय करू म्हणतेस?"

मार्ले खुर्चीत सरळ बसली.

"मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय. उद्या सहाला मी तुझ्याबरोबर ट्रकमधून येतेय, आणि सातच्या आत मिस स्टिव्हरांना सांगणार आहे."