कासम वाइंडरचं ऑम्लेट

आखातात गाला म्हणून एक वस्ती आहे, तिथल्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळतोय. माझ्या हातची मोटर बटण बंद केल्यावरही तीन दिवस फिरायची; तिला थांबवायला मला स्वतः जाऊन दोन शब्द बोलावे लागत. गोनू वादळात गाला बुडालं, तेव्हा माझ्या एका पंपानं इतकं पाणी उपसलं की समुद्र घाबरून मागं सरला. हे ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, कारण पुढचं याहून अवघड आहे. पुढचं खरं आहे.

२०१६च्या फेब्रुवारीत मला अर्धांगाचा झटका आला. तोंड दोन दिवसांत सरळ झालं, त्याला काम फार. उजवा हात मात्र रुसला. चिमूट जमेना. मे महिन्यात आमचा अर्बाब, म्हणजे मालक, रशीद म्हणाला, "कासम, हॉस्पिटलचा कागद आण. कामाला फिट लिहिलं तर तुझं टेबल तुझं. नाही तर खलास, कार्ड रद्द, घरी." भला माणूस. शिवी न देता मान कापतो.

कागद देणारी बाई अझैबाच्या एका इस्पितळात बसायची. वैशाली मेश्राम, मूळची नागपूरची. मी आत शिरलो आणि म्हणालो, "सलाम, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बसा, काका."

"मी तुझा काका नाही. म्हणजे मालिशवाली?"

तिनं पेन खाली ठेवलं. "मालीश करणारे शेजारच्या खोलीत. माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे माझं काम. नागपुरात साडेचार वर्षं शिकले. मग युरोपात, हॉलंड, स्वीडन, डेन्मार्क, तीन देशांत मिळून एक पदवी."

"एका देशात पास नाही झालीस वाटतं."

"नाही. तीन देशांत तुमच्यासारखे अठरा भेटले. सगळे सुधारले."

म्हातारपणी असा फटका बसला की गाल नाही, कान लाल होतो. त्यात टेबलावरच्या फायलीवर मी माझं नाव वाचलं. पुढं लिहिलं होतं, 'केस अकरा'. म्हणजे बाई माझ्यावर संशोधन करत होती. युरोपातली परीक्षा आखाताच्या कामगारांना लागू पडते का, हे तिच्या प्रोफेसरांना पाहायचं होतं.

"मी उंदीर आहे का?" मी विचारलं.

"उंदीर सही करत नाहीत. तुम्ही मागच्या आठवड्यात नाव नोंदवताना संमतीच्या फॉर्मवर केलीत, डाव्या हातानं. न वाचता."

मग तिनं यादी पुढं केली. बिछाना घालणं, बूट पुसणं, कपड्यांच्या घड्या, चहा, ऑम्लेट. "यातली दोन निवडा. जी रोज करता, झटक्याआधीही करायचात, तीच. जे करतच नाही ते घेतलंत तर परीक्षेला अर्थ नाही. खरं सांगा."

आता, मी सँडलवाला, त्यामुळं बूट गेले. घड्या, बिछाना ही बायकी कामं, ती मी करतो म्हटलं तर ही बाई गावभर सांगणार. राहिला स्वयंपाक. तोही बायकीच, पण मोठ्या देगची गोष्ट वेगळी, तो मर्दाचा हुन्नर. आणि जीभ ती जीभ.

"चहा आणि ऑम्लेट," मी म्हणालो. "सोहारच्या बंदरावर मोटरी दुरुस्तीला जायचो, तेव्हा चारशे माणसांची बिर्याणी एकट्यानं रांधायचो. एक हात देगमध्ये, दुसऱ्यानं क्रेनला इशारे."

"चारशे?"

"शुक्रवारी पाचशे."

तिनं ते लिहून घेतलं. इथं माझी कबर खणली गेली, आणि फावडं मीच पुरवलं.

इस्पितळातच एक लुटुपुटूचं स्वयंपाकघर होतं. बाई कोपऱ्यात वही घेऊन उभी राहिली. "आता मी बोलणार नाही. मदत करणार नाही. तसा नियमच आहे."

मी आयुष्यात कधी चहा केला नव्हता. पण किती अवघड असणार? ज्यानं तीन फेजची मोटर उघड्या डोळ्यांनी वाचली, त्याला किटली वाचता येत नाही? मी विजेच्या किटलीत दूध ओतलं, पत्ती टाकली, साखर टाकली, बटण दाबलं. अंडं तव्यावर फोडायचं एवढं ठाऊक होतं. तव्यात आधी तेल लागतं हे तव्यानं सांगायला हवं होतं. उजव्या हातानं धरलेलं अंडं टरफलासकट पडलं. मी टरफल वेचायला वाकलो, तेवढ्यात मागं किटली फसफसून उतू गेली, दूध टेबलावरून माझ्या सँडलवर. मी बाईकडं पाहिलं. ती लिहीत होती. अशी थंडगार बाई मी पाहिली नाही; तिला मे महिन्यात गालाच्या रस्त्यावर उभी केली असती तर लोकांनी तिच्याभोवती खुर्च्या मांडल्या असत्या.

शेवटी ती म्हणाली, "हाताचं नंतर बघू. मला काळजी डोक्याची आहे. आधी काय, मग काय, हा क्रमच तुम्हाला लागत नाहीये. चारशे माणसांचं रांधणाऱ्याला किटलीत दूध घालू नये हे कळेना, म्हणजे झटका मेंदूत खोल गेलाय. विजेच्या कामावर मी तुम्हाला पाठवू शकत नाही. गुरुवारी अर्बाबला रिपोर्ट जाईल."

टेबल गेलं. एकतीस वर्षांत कोपर घासून घासून गुळगुळीत झालेलं टेबल.

"बाई, मी खोटं बोललो. मला स्वयंपाक येत नाही. कधीच येत नव्हता."

"आज नापास झालात म्हणून आज येत नाही?"

"कसम."

"मग चारशे माणसं खोटी?"

"माणसं खरी. मी खोटा."

"तेव्हा खोटं की आता खोटं, हे मी कसं ठरवू? घरचं कोणी आणा."

घरची म्हणजे माझी बायको, अमीरुन्निसा. आणि अमीरुन्निसाला आठ वर्षं एकच ध्यास: आमच्या गावी, हर्णैला परत जायचं. मी नापास झालो तर तिचं विमान तयारच होतं. बुधवारी ती बुरख्याची किनार सारखी करत खुर्चीत बसली आणि छताकडं पाहत म्हणाली, "मला काय ठावं? करत असतील रांधप. मी झोपल्यावर."

"अगो, माझी नोकरी जाते!"

"जाऊ दे. माझी अडतीस वर्षं गेली ती?"

"मॅडम," वैशाली म्हणाली, "यांनी घरात कधी चहा केलाय का? हो की नाही, एवढंच."

"यांनाच विचारा. मोठ्यानं बोलायला लावा. माझ्यासमोर."

दोन बाया आणि एक वही. मी बोललो. अडतीस वर्षांत अमीरुन्निसाच्या हातात मी एक कप चहा दिला नाही; तिला टायफॉइड झाला तेव्हाही चहा शेजारच्या खुदेजानं आणला, आणि तो मीच प्यालो. हे बोलताना मला घाम फुटला. खरं बोलण्याची सवय नसली की अंगावर येतं.

अमीरुन्निसानं छतावरची नजर खाली आणली. मग वैशालीकडं वळली. "लिही, बाय. यांचा डोका गेला नाय. तेल कुठला नि रॉकेल कुठला ह्या यांना लग्नाच्या दिवसापासून कळत नाय. घमेंडखोर म्हणून गावाला न्यायला मी तयार हाय. खुळा म्हणून नाय नेणार. माझ्या माहेरी हसतील."

वैशालीनं वहीतलं रिपोर्टाचं पान फाडलं नाही, त्यावर फक्त एक आडवी रेघ मारली. रेघ इतकी जोरात होती की पुढच्या दोन पानांवर उमटली. "दोन तास फुकट घालवलेत माझे. उद्या सकाळी सात वाजता वर्कशॉपात. जे खरंच करता ते दाखवा. आणि तोंड बंद."

गुरुवारी ती गालात आली. पंखा तिच्याकडं फिरवायला निघालेल्या माझ्या हाताखालच्या तानाजीला मी डोळ्यांनीच बसवलं. फॉर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तार गुंडाळायची, नव्वद वेढे: डाव्या हातानं हँडल फिरवायचं, उजव्या चिमटीत तार धरून ताण द्यायचा. ताण सुटला की गुंडाळी फुगते आणि मोटरीच्या खाचेत बसत नाही. क्रम मी झोपेत सांगितला असता. पण बाराव्या वेढ्याला तार चिमटीतून सुटली. पुन्हा केलं, नवव्याला सुटली. तिसऱ्यांदा अंगठा कापला. रशीद दारात हाताची घडी घालून उभा होता.

"डोकं ठीक आहे," बाई म्हणाली. "हात खोटा बोलत नाही, एवढाच तुमचा खरा अवयव. चिमूट येणार नाही इतक्यात. तार चिमटीतच का धरायला हवी?"

"कारण आदमच्या जमान्यापासून तशीच धरतात."

"स्वीडनला एक विणकरीण होती, तीही असंच म्हणायची. चप्पल द्या."

"कोणाची?"

"तुमची. तुम्हाला मारायला नाही. इच्छा आहे, पण नाही."

तिनं माझ्या रबरी सँडलच्या टाचेचा तुकडा कापला, त्याला सुरीनं खाच पाडली आणि पट्ट्यानं माझ्या उजव्या तळव्यावर बांधला. तार खाचेतून गेली. चिमटीची गरज नाही. मनगट जरासं दाबलं की ताण. मी हँडल फिरवलं. वीस. पन्नास. नव्वद. गुंडाळी खाचेत अशी बसली की जणू तिथंच जन्मली. रशीदनं हाताची घडी सोडली, "यल्ला, काम करो," म्हणाला आणि निघून गेला.

मी बाईचे आभार मानले नाहीत. चप्पल माझी होती, म्हणून शोध माझा. तिनंही ते मागितले नाहीत. रिपोर्टात लिहिलं: कामाला फिट, या साधनासह. शेवटची ओळ तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली: 'रुग्णाचे स्वतःविषयीचे कोणतेही विधान ग्राह्य धरू नये.' ते म्हणे तिच्या प्रबंधातही गेलं, आणि चपलेचा फोटोही. तीन देशांच्या प्रोफेसरांनी उभं राहून माझ्या चपलेला टाळ्या वाजवल्या. हे मला कोणी सांगितलं नाही, पण झालंच असणार.

एक खोडी मात्र ती करून गेली. रिपोर्टाखाली व्यायाम लिहिला: रोज सकाळी उजव्या हातानं पत्नीसाठी चहा. कागद तिनं माझ्या हातात दिला नाही, अमीरुन्निसाच्या दिला.

आता रोज पहाटेच्या नमाजनंतर मी पातेलं चढवतो. कप डावीकडं कलतो, अर्धा बशीत सांडतो. अमीरुन्निसा हर्णैचं नाव काढत नाही. पहिला घोट घेते, तोंड वाकडं करते आणि मेश्रामबाईच्या नावानं हात वर करून रोज एकच वाक्य म्हणते, "त्या पोरीनं रेघ मारलेला पहिला रिपोर्टच खरा होता."