व्याह्यांनी मोडलेलं धनुष्य

जगात आजवर धनुष्य मोडलं ते जावयांनी. सासऱ्याने मोडल्याचा दाखला पुराणातसुद्धा नाही. तो घडला कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, शुक्रवारी भर दुपारी, ऐन साखरपुड्यात. ज्यांच्या हातून घडला त्या जयप्रकाशांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण चौथ्या मजल्यावर धरणी येणार कुठून? ते सोफ्यावर बसून राहिले.

जयप्रकाश मूळचे नाशिकचे. इथल्या एका रिफायनरीत पंपांची देखभाल करण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. बायको सुहासिनी इस्पितळाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. एकुलती एक श्वेता इथेच जन्मली, इथेच फिजिओथेरपिस्ट झाली, आणि शाळेत असताना क्लबमध्ये तिने धनुष्यबाण जो हातात घेतला तो काही खाली ठेवला नाही. त्याच नादातून तिला आलोक भेटला. मुलगा मराठी, अमेरिकेत मोंटानाच्या एका डोंगरी गावात वाढलेला. स्वभावाने गोड, नोकरी चांगली, नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्या घरात एक रीत होती. दर सप्टेंबरला घरची सगळी मंडळी धनुष्यं घेऊन डोंगरात जायची आणि हरणाची नाहीतर एल्कची शिकार करून वर्षभराचं मांस घरी आणायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने घोड्याएवढा.

मांसाचं जयप्रकाशांना वावडं नव्हतं. मटणाचा रस्सा पुढे आला की ते बोलणंसुद्धा थांबवत. त्यांना धास्ती होती ती निराळ्याच गोष्टीची. तो डोंगर, ती थंडी, फोनला रेंज नाही, आणि त्यात आपली पोर! जी मुलगी मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी कुठे लावली ते विसरते, ती त्या रानात वाट कशी शोधणार? तोंडाने त्यांनी होकार दिला होता, मनाने दिला नव्हता. हे त्यांनी सुहासिनीलाही सांगितलं नाही. जेवण झालं की फोन घेऊन बसायचे आणि शिकारीच्या सामानाचे व्हिडिओ बघायचे. चाकांचं कम्पाउंड धनुष्य बरं की साधं, ओढायला किती पौंडांचं असावं, बाणाचं टोक घट्ट पात्यांचं घ्यावं की आपटल्यावर उघडणारं, हे सगळं त्यांना महिन्याभरात तोंडपाठ झालं. पोर तिथे सुखरूप राहील का, एवढं एक विचारायची हिंमत नव्हती म्हणून हा माणूस बाणाच्या टोकांचा अभ्यास करत होता.

साखरपुड्याला मुलाकडून आलोक आणि त्याची आई प्रणिता, दोघंच आली. प्रणिता मूळची साताऱ्याची, मोंटानातल्या त्या गावात जनावरांची डॉक्टर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आवाज खणखणीत, केस आखूड, आणि साडी अशी नेसलेली की हिला रोज हीच सवय असावी. चहा घेता घेता जयप्रकाशांनी सहज म्हणून विचारलं, "तिकडे अस्वलं असतात म्हणे?"

"असतात की," प्रणिता म्हणाली. "पण बहुतेक आपल्या वाटेने जातात."

त्या 'बहुतेक'वर जयप्रकाशांना ठसका लागला.

मग प्रणिताने सुनेसाठी आणलेल्या वस्तू काढल्या. पैठणी, अंगठी, साखरेचा पुडा, आणि एक लांबलचक काळं खोकं. श्वेताच्या क्लबने परवानगी आधीच काढून ठेवली होती म्हणूनच ते विमानतळावरून सुटलं होतं. आत कम्पाउंड धनुष्य होतं. वर-खाली दोन चाकं, त्यांच्यावरून फिरवलेल्या दोऱ्या, मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. बाण मात्र आणले नव्हते.

"सासू सुनेला किल्ल्या देते," प्रणिता म्हणाली. "आमच्याकडे दारं उघडीच असतात. म्हणून हे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला ओढवत नाही. माझं होतं, आता श्वेताचं."

श्वेताने ते उचललं, दोरी ओढली, जराशी थांबली आणि सावकाश परत सोडत आणली. मग वाकून नमस्कार केला. "खूप सुंदर आहे, काकू," ती म्हणाली. प्रणिताचा चेहरा फुलला.

एवढ्यात रामभाऊ आले. रामभाऊ म्हणजे हवल्ली भागात राहणारे निवृत्त हिशेबनीस. सत्यनारायणापासून बारशापर्यंत कुवेतमधल्या मराठी घरांची सगळी कार्यं तेच करायचे, आणि दक्षिणेपेक्षा बोलण्याची हौस त्यांना मोठी. धनुष्य बघून त्यांच्या अंगात आलं. "शस्त्र आहे! त्याची पूजा झालीच पाहिजे!" म्हणून त्यांनी ते पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मुहूर्ताला थोडा अवकाश होता, आणि रिकामा वेळ रामभाऊंना कधीच सोसला नाही.

"जयप्रकाशराव, वधूपिता तुम्ही. एकदा उचलून तर बघा!"

"हो हो, बघू तरी!" सुहासिनीच्या लॅबमधल्या मैत्रिणी हसल्या.

जयप्रकाशांनी आढेवेढे घेतले, पण ते तोंडदेखले. महिनाभर व्हिडिओ बघून हात शिवशिवत होतेच. त्यांनी धनुष्य उचललं आणि दोरी ओढली. पहिल्यांदा वाटलं, जमत नाही. दात-ओठ खाल्ले. आणि मग अर्ध्यावर ओझं एकाएकी हलकं झालं, चाकं फिरली, दोरी गालापाशी आली. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं. छाती फुगली. कोपर जरा अवघडलं होतं, पण त्याकडे कोण बघतो?

"वा!" रामभाऊ ओरडले. "आता टणत्कार होऊ द्या!"

"बाबा, नो! सोडू नका!" श्वेता किंचाळली. पण बाण नाही तर भीती कसली, असा हिशेब करून जयप्रकाशांची बोटं तोवर सुटली होती.

टणत्कार झाला नाही. काडकन आवाज झाला. मुठीच्या वरची वाकणारी पाती उभी चिरली, दोरी चाकावरून उतरली, आणि कुंकवाचं बोट लागलेलं धनुष्य त्यांच्या हातात मोडक्या छत्रीसारखं लोंबायला लागलं. कुणाला लागलं नाही, हीच देवाची कृपा.

काय झालं ते जयप्रकाशांना त्या क्षणी कळलं, आणि म्हणूनच जास्त लाज वाटली. नव्या पोरांना ते आयुष्यभर ओरडत आले होते, पंप कोरडा चालवू नका म्हणून. आत ढकलायला काही नसलं की पंप स्वतःलाच खातो. बाण नसला की दोरीचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येतो. ज्याने दुसऱ्यांना शिकवावं त्यानेच घरभर माणसांसमोर माती खाल्ली होती.

मग रामभाऊंनी घसा साफ केला.

"हे काही ठीक झालं नाही," ते हळूच जयप्रकाशांच्या कानाशी म्हणाले. "मोडलेल्या वस्तूवर कार्य करू नये. पुढचा मुहूर्त काढतो. पाहिजे तर दसऱ्यानंतर बघू. खलास, आज राहू दे."

जयप्रकाशांना हवं होतं तेच आयतं हातात आलं. कुणाला दुखवायचं नाही, काही कबूल करायचं नाही, अपशकुनाच्या नावावर चार-सहा महिने सहज निघाले असते. तोवर सप्टेंबर उलटला असता. त्यांनी श्वेताकडे पाहिलं. पैठणी हातात धरून ती उभी होती आणि रामभाऊंच्या ओठांकडे बघत होती. लहानपणी इंजेक्शन घेताना करायची तसा चेहरा तिने केला होता, रडायचं नाही असं ठरवलेला. शिंकं तुटलं होतं खरं, पण बोक्याची भूकच मेली.

"रामभाऊ," जयप्रकाश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मूर्खपणा माझा आहे. तो माझ्या पोरीच्या कपाळी लावू नका. मुहूर्त आजचाच."

मग ते प्रणिताकडे वळले. ती जमिनीवर बसली होती. धनुष्य मांडीवर घेऊन चिरलेल्या पातीवरून अंगठा फिरवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माफ करा," जयप्रकाश म्हणाले. "याहून चांगलं आणून देतो."

"चांगलं मिळेल हो," ती म्हणाली. "हे नाही मिळणार. दोन मिनिटं रडू द्या मला, मग बोलू."

तिला कुणी अडवलं नाही. सुहासिनी शेजारी जाऊन बसली. आलोक आईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने प्रणिताने पदराने डोळे पुसले, वर पाहिलं आणि विचारलं, "पण सोडताना तुमचं कोपर असं वाकडं का होतं?"

"दोरी आणखी मागे येईना. अडकल्यासारखं झालं."

"अडकणारच. माझ्या हाताच्या मापाला लावलेलं आहे. तुमचे हात लांब." ती बोलता बोलता थांबली आणि तिने सुनेकडे पाहिलं. श्वेता बापाच्या वळणावर गेलेली, उंच, हात गुडघ्यांशी बोलणारे. "श्वेता, तुलाही आखूड झालं का गं?"

श्वेता पैठणीच्या काठाकडे बघायला लागली. "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे... बरंच, काकू. नेमच धरता येत नव्हता."

"मग बोलली का नाहीस? मापाला लावून घेतलं असतं. चाकं बदलली असती!"

"साखरपुड्याच्या दिवशी सासूला, 'तुमचं धनुष्य मला लहान होतं' असं कोण सांगतं?"

पहिल्यांदा सुहासिनी हसली. मग प्रणिता, मग सगळं घर. प्रणिता तर हसता हसता पुन्हा रडली. "आणि तू हेच घेऊन डोंगरात आली असतीस! नेम चुकला असता, जनावर जखमी होऊन भटकलं असतं, आणि मी म्हटलं असतं, पोरीला जमत नाही. बरं झालं मोडलं! सुहासिनीताई, शिवणाची टेप आहे का घरात?"

टेप आली. श्वेताने दोन्ही हात पसरले आणि प्रणिताने या बोटापासून त्या बोटापर्यंत माप घेतलं. रामभाऊ घड्याळ दाखवत राहिले. शेवटी मुहूर्ताच्या अगदी काठावर ओटी भरली गेली, अंगठी बोटात गेली, आणि साखर सगळ्यांच्या तोंडात पडली.

जेवणं होईपर्यंत नव्या धनुष्याचा वाद ऐन रंगात आला. जयप्रकाशांचं म्हणणं, घ्यायचंच तर साठ पौंडांचं घ्या, माझी मुलगी काय लेचीपेची आहे? श्वेता म्हणत होती पंचेचाळीस. "बाबा, थंडीत तासभर न हलता बसायचं आणि मग आवाज न करता ओढायचं असतं. शो ऑफ नाही करायचा." प्रणिताने पंचेचाळीसला मान डोलावली आणि बाण मात्र जड घे म्हणाली. टोकाचा विषय निघाला तेव्हा जयप्रकाशांनी घट्ट पात्यांची बाजू इतक्या तपशिलाने मांडली की आलोक चमचा खाली ठेवून बघत राहिला. "काका, हे सगळं तुम्हाला कसं माहिती?"

जयप्रकाशांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली. महिनाभराचा प्रश्न त्यांनी आता विचारलाच.

"प्रणिताताई, खरं सांगू? मला धनुष्याची काळजी नाही. ही तिथे एकटी पडली तर?"

श्वेताने चमकून बापाकडे पाहिलं. प्रणिता हसली नाही.

"आलोकचे बाबा गेले त्या वर्षी मी एकटी गेले होते," ती म्हणाली. "कुणाचं ऐकलं नाही. एल्क पाडला, आणि मग त्याच्याशेजारी बसून रडले, कारण तो मला हलवताही येईना. उतरून रेंज मिळाली तिथून दिरांना फोन केला. सदानंद भावजी, जाऊबाई, त्यांची मुलं, शेजारी, सगळे आले आणि एकेक वाटा पाठीवर घेऊन उतरले. एल्क पाडायला एक माणूस पुरतो, जयप्रकाशराव. घरी आणायला घर लागतं. तेव्हापासून आमच्यात कुणी एकटं जात नाही. झऱ्यावर पाणी आणायला गेलं तरी दोघं जातात."

जयप्रकाशांनी हातातला चमचा उलटसुलट केला. "मग वाहायला माणसं कमी पडत असतील."

"नेहमीच पडतात."

"सप्टेंबरात माझी रजा शिल्लक आहे."

"अगंबाई!" सुहासिनी म्हणाली. "खालच्या बकाला दुकानातून तांदळाची पिशवी वर आणायला हे इमारतीच्या राखणदाराला, हारिसला, हाक मारतात!"

"उभे राहा," प्रणिता म्हणाली. टेप अजून तिच्या गळ्यातच होती. जयप्रकाश उभे राहिले. तिने मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत त्यांच्या पाठीचं माप घेतलं. "मांस वाहायच्या पिशवीची चौकट पाठीच्या मापाची लागते, नाहीतर खांदे सोलतात. एका खेपेला पंचवीस किलो धरा. आतापासून जिने चढा, लिफ्ट बंद."

"आणि उतरताना कोण कुठे असतं?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"पुढे मी, मागे आलोक आणि भावजी. नवीन माणसाला मध्ये ठेवतो, म्हणजे दोन्हीकडून लक्ष राहतं."

"म्हणजे श्वेता मध्ये."

"यंदा नवीन दोघं आहेत," प्रणिताने टेप गुंडाळली. "श्वेता, आणि तिच्या पावलावर पाऊल टाकत तुम्ही."

श्वेता उठून त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली.

"चालेल," ते म्हणाले.