नसलेला टाइमआउट

वर्लिन स्टकीचं म्हणणं एवढंच होतं, की टाइमआउट वापरायला दिलेले असतात. सामना मिनिटभर थांबवायचा, घाबरलेल्या पोरांना जवळ बोलवायचं, चार शब्द सांगायचे. बास्केटबॉलच्या सामन्याला चार मिळतात. लॉकरिज कॉलेजचे कोच ऑल्टमेयर मात्र ते जपून ठेवायचे आणि सामना हरून शिल्लक टाइमआउट घरी घेऊन जायचे. त्यांचं काय लोणचं घालायचं होतं कुणास ठाऊक. गेली बारा वर्षं हेच चाललं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत आपली पोरं सैरावैरा पळताहेत आणि हा गृहस्थ हाताची घडी घालून उभा!

हे सगळं वर्लिनला फार जवळून दिसायचं, कारण त्याची सीट संघाच्या बाकामागे तिसऱ्या रांगेत होती. ती त्याला वडिलांकडून आली होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या त्या भागात लोक घटस्फोटात घर सोडतात, गाडी सोडतात, पण बास्केटबॉलच्या सीटवरून कोर्टात जातात. वर्लिनच्या वडिलांनी मृत्युपत्रात शेताआधी सीट लिहिली होती. त्यामुळे जानेवारीत कॉलेजच्या क्रीडाप्रमुख मिसेस क्रायट्झर यांचं पत्र आलं तेव्हा वर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. पत्र सभ्य होतं. सामना चालू असताना कोचवर पुन्हा एकदा जरी ओरडलात, तर सीट परत घेतली जाईल.

"आता काय करशील?" त्याची बायको नेडा म्हणाली.

"गप्प बसेन."

"तू?" नेडा म्हणाली आणि हसत हसत भांडी घासायला गेली.

पण तो खरंच गप्प बसला. अख्खा जानेवारी मूग गिळून बसला. कोचवरचा सगळा राग तो न्हाव्याच्या दुकानात काढायचा. तिथे तो कोचची नक्कल करायचा. ऑल्टमेयरचा आवाज जरा नाकातला, घसा बसल्यासारखा. वर्लिन तो इतका हुबेहूब काढायचा, की एकदा दाढीचा फेस लावून डोळे मिटून बसलेला एक माणूस दचकून "गुड मॉर्निंग, कोच" म्हणाला होता.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी दुपारी सेंट ऑडोशी सामना होता. सेंट ऑडो म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यातलं कॉलेज, आणि त्यांच्याशी हरणं म्हणजे पुढचे सहा महिने पेट्रोलपंपावरसुद्धा टोमणे खाणं. नेडा विणकाम घेऊन आली होती. वर्लिनने पॉपकॉर्नचा पुडा घेतला आणि त्याच्यावर पेन्सिलीने चार रेघा ओढल्या. गुणफलकावरचे टाइमआउटचे दिवे कधीचे गेले होते, कॉलेज काही ते बदलत नव्हतं, म्हणून हा हिशेब तो स्वतःच ठेवायचा. एक टाइमआउट गेला की एक रेघ खोडायची.

आणि त्या दिवशी चमत्कार झाला. पोरं जरा डगमगली आणि कोचने टाइमआउट घेतला. वर्लिनने नेडाला कोपराने ढोसलं. उत्तरार्धात आणखी एक घेतला. वर्लिनचा ऊर भरून आला. बारा वर्षं भिंतीशी बोलतोय असं वाटत होतं, पण भिंतीला कान होते तर. मग डॉक्टरने दिलेल्या लघवीच्या गोळीने आपलं काम केलं आणि तो घाईघाईने उठून बाहेर गेला. परत आला तर लॉकरिज दोन गुणांनी पुढे. पाच मिनिटं उरली असताना कोचने अजून एक घेतला. वर्लिनने तिसरी रेघ खोडली.

अकरा सेकंद उरले, लॉकरिज एका गुणाने पुढे, चेंडू आपल्या जॅरेलकडे. हा पोरगा चांगला, पण कोपऱ्यात सापडला. सेंट ऑडोचे दोन धिप्पाड गडी त्याच्या अंगावर आले. आता चेंडू हिसकला जाणार, नाहीतर अडकला म्हणून शिट्टी होणार. वर्लिनने कोचकडे पाहिलं. कोचची पाठ दिसत होती, हलत नव्हती. पुड्यावर एक रेघ शिल्लक होती. अरे, आहे ना एक, घे की मेल्या!

पण हे बोलायचं नव्हतं. कोचवर ओरडायचं नाही असं लेखी होतं. कोचसारखं ओरडू नये असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"टाइमआउट!" वर्लिन ओरडला. नाकातून, बसक्या घशाने.

पंच बाकाला पाठ करून उभा होता. खरं तर कोण ओरडलं ते त्याने वळून बघायला हवं होतं. त्याने बघितलं नाही, शिट्टी मारली.

एक क्षणभर वर्लिन जगातला सर्वांत सुखी माणूस होता. मग टेबलावरची हिशेब ठेवणारी बाई उभी राहिली आणि तिने मान हलवली. पंचाने दोन्ही हातांचा इंग्रजी टी केला, म्हणजे नियमभंगाची खूण. संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता, आणि नसलेला मागितला की दंड. सेंट ऑडोला एकेका गुणाच्या दोन फुकटच्या फेकी, वर चेंडूही त्यांचाच. दोन्ही फेकी आत गेल्या. लॉकरिज एका गुणाने हरलं.

"तू बाहेर गेला होतास ना, तेव्हा एक घेतला त्याने," नेडा लोकर गुंडाळत हळूच म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे."

बाकाशी कोचने मागे वळून तिसऱ्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग तो पत्रकारांकडे गेला आणि म्हणाला, "चूक माझी. टाइमआउट मी मागितला."

सोमवारपर्यंत गावाने कोचला सोलून काढलं. न्हाव्याच्या दुकानात तर रांग लागली होती. मोजता न येणाऱ्या माणसाला कोच कुणी केलं? हाकला त्याला. गुरुवारी कॉलेजची समिती बसणार होती, आणि हाकलणार हे जवळजवळ ठरलंच होतं. लोक वर्लिनची पाठ थोपटत होते. "बारा वर्षं तू सांगत होतास, वर्लिन, आम्हीच गाढव." कुणीतरी त्याला कोचची नक्कल करायला सांगितली. घसा दुखतो म्हणून तो उठला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला.

"मग नाच की," नेडा म्हणाली. "तुला हवं होतं तेच झालंय."

"असं नको होतं."

"मग जा आणि सांग."

"सीट जाईल, नेडा. बाबांची सीट."

नेडाने त्याच्यापुढे पोर्कचं सँडविच ठेवलं आणि ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. वर्लिनला राग आला. कोचचा आला, पंचाचा आला, डॉक्टरच्या गोळीचासुद्धा आला. बुधवारी सकाळी त्याने सीटचं कार्ड खिशात घातलं आणि तो कॉलेजात गेला. नेडा गाडीतच बसून राहिली.

कोच खोलीत खोके भरत होता. भिंतीवरची चित्रं आधीच उतरवलेली होती.

"तो मी होतो," वर्लिन दारातूनच म्हणाला.

"माहीत आहे मला," कोच म्हणाला. "माझा आवाज मला मागून ऐकू आला. या, बसा मिस्टर स्टकी."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

कोचने खोक्यात एक पुस्तक ठेवलं, परत काढलं. "कारण माझंही तोंड उघडलं होतं. ट पर्यंत आलो होतो. तुम्ही अर्धा सेकंद आधी ओरडलात, एवढंच."

वर्लिन बसला.

"आणि ऐका," कोच म्हणाला, "शेवटच्या टाइमआउटला मीच पोरांना सांगितलं होतं, की आता एकही उरला नाही, मागू नका. जॅरेलला माहीत होतं. बाकावरच्या पाणी देणाऱ्यालाही माहीत होतं. त्या अख्ख्या जिममध्ये फक्त आपल्या दोघांना माहीत नव्हतं."

बारा वर्षं वर्लिन अशाच एखाद्या पुराव्याची वाट बघत होता. स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली! न्हाव्याच्या दुकानात हे सांगितलं असतं तर महिनाभर फुकट दाढी झाली असती. त्याच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते त्याने मोठ्या कष्टाने आवरलं. मग तो उठला आणि शेजारच्या खोलीत मिसेस क्रायट्झरकडे गेला.

त्याने सगळं सांगितलं: पुडा, रेघा, गोळी, आवाज. तिचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने एकदा तसा आवाज काढून दाखवला. बाहेरची टायपिस्ट लगबगीने आत आली आणि कोच कुठे दिसेना म्हणून गोंधळून उभी राहिली.

"कोचनेही मागितला असेल ना टाइमआउट?" मिसेस क्रायट्झरने चष्म्यावरून बघत विचारलं. "ते स्वतःच तसं म्हणालेत."

वर्लिनने क्षणभर भिंतीपलीकडच्या खोलीचा विचार केला.

"छे," तो म्हणाला. "ते पाणी पीत होते. मी बघत होतो ना."

तिने काहीतरी लिहून घेतलं, सीटचं कार्ड हातात घेतलं आणि खणात टाकून खण लावला. समितीसमोर आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, ती म्हणाली. दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस मिळतो कुठे आजकाल? करार तीन वर्षांनी वाढवू.

वर्लिन गाडीत येऊन बसला. इंजिन चालू करायचं त्याला सुचलं नाही.

"सीट गेली?" नेडाने विचारलं.

"गेली."

"आणि कोच?"

"राहिला," वर्लिन म्हणाला आणि त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. "आणखी तीन वर्षं, नेडा. आणि ठेवलं कुणी? मी."